पेन खाली ठेवा

मानपाडा रोडवर, फरसाणाच्या दुकानाच्या वर, शिवराम रेवाळे सरांचा चेहरा दोन मजले उंच लावलेला आहे. खुद्द सर सव्वापाच फुटांचे, तेही चपला घालून. फोटोतला कोट त्यांचा नव्हे. तो कॉम्प्युटरवर चढवलेला. डोक्यावरचे निम्मे केसही क्लासच्या मालकाने, मितेशने, आपल्या पदरचे घातलेत. खाली लाल अक्षरांत लिहिलंय : 'बायोलॉजी म्हणजे रेवाळे सर. एकही मिनिट वाया नाही.'

भाजी घेऊन येताना सर त्या फोटोखालून मान खाली घालून जातात. लोक म्हणतात, काय नम्र माणूस. नम्र वगैरे काही नाही. सरांना ते दुसरं वाक्य वाचायचं नसतं. उभ्या आयुष्यात डोंबिवलीच्या पोरांची मिनिटं ज्याने इतक्या प्रेमाने, इतक्या निगुतीने वाया घालवली, त्याच्या नावाखाली असलं काही लिहिणं म्हणजे बदनामीच की. पण बदनामीतला माणूस इतका तोंडभर हसतोय, की तक्रार घेऊन जाणार कुठे.

सर मूळचे संगमेश्वरकडचे. विठ्ठलवाडीला मामाच्या खोलीत, मामाच्या चार मुलांत पाचवे होऊन राहिले, कल्याणला कॉलेज केलं, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले. मग एका कॉलेजात तासावर शिकवू लागले. तिथली कायमची नोकरी त्यांना पुढच्या वर्षी नक्की लागणार होती. अशी ती पुष्कळ वर्षं पुढच्या वर्षी लागत राहिली आणि तेवढ्या काळात सर क्लासचे सर होऊन गेले. डोंबिवलीत एका जिन्याला दोन क्लास आणि एक ब्यूटी पार्लर असं साधारण प्रमाण असतं. सरांना चढायला जिने कधी कमी पडले नाहीत.

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. अर्धा-पाऊण तास फळ्यावर आकृत्या, नावं, व्याख्या. सगळं परीक्षेचं आणि शिस्तीत. लिहून लिहून पोरांच्या माना आखडल्या की सर खडू ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "पेन खाली ठेवा."

बाकांवर मूठभर चणे सांडल्यासारखा आवाज व्हायचा. मग सर जे सांगायचे ते कुठल्याच गाइडात नसायचं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट गळून पडत नाही, ते पिल्लू ती आतल्या आत जिरवून टाकतं; तेव्हा डबा विसरलात तर काय करायचं ते बेडकाला विचारा. वटवाघळीण उलटी लटकून बाळंत होते, मग ते बाळ खाली का पडत नाही. अंड्यातल्या पिल्लाला श्वास कुठून मिळतो. पोरं खिदळायची, एखादं एकदम गप्प व्हायचं. त्या गप्प झालेल्या पोराकडे एक नजर टाकून सर म्हणायचे, "हं. पेन उचला." की पुन्हा परीक्षा सुरू.

नव्या बॅचमधलं कोणीतरी विचारायचंच, "सर, हे परीक्षेला येणार का?"

"नाही रे बाबा. म्हणून तर पेन खाली ठेवायला सांगितलं. हे घरी घेऊन जायचं."

मितेशही सरांच्याच एका जुन्या क्लासातला विद्यार्थी. आताच्या क्लासच्या जागी तेव्हा खाली त्याच्या वडिलांचं फरसाणाचं दुकान होतं आणि वर शेवेचे डबे ठेवायचं गोदाम. मितेश बायोलॉजीत कसाबसा काठावर तरला, डॉक्टर काही झाला नाही. मोठा झाल्यावर त्याने गोदाम रिकामं केलं, बाकं टाकली आणि पहिला फोन सरांना लावला. "सर, तुम्ही नाय तर क्लास नाय." मितेश मनापासून बोलतो. पुढे जे झालं तेही त्याने मनापासूनच केलं, हे आधी सांगितलेलं बरं.

सरांचं घर जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मूलबाळ नव्हतं. सर म्हणायचे, आम्हाला रोज दोनशे पोरं भेटतात आणि तीही दुसऱ्यांनी आंघोळ घालून पाठवलेली. घरात सर आणि त्यांच्या पत्नी दर्शना, आणि समोरच्या दारात गोदूबाई डुंबरे आणि त्यांचे पंढरीराव, ओतूरकडचे. या दोन दारांमधून दिवसभर वाट्यांची ये-जा असे. इकडून अळूचं फदफदं जाई, तिकडून मासवडी येई. वाटीवर झाकण, आणि वाटीच्या कडेवर बारीक ठिपक्यांनी ठोकून घातलेलं नाव : पं. रा. डुंबरे. त्यामुळे कुठली वाटी कुठे परत जायची याचा घोळ होत नसे.

दर्शनाबाईंचा एक नेम होता. कुणाची वाटी रिकामी परत द्यायची नाही. दोन चमचे साखर घाला, चार शेंगदाणे घाला, घरात अगदीच काही नसेल तर तुळशीचं पान घाला. पण आत काहीतरी हवं. आणि नुसतं पदार्थाचं देणंघेणं नव्हतं ते. गोदूबाईंच्या चटणीत मीठ जास्त पडलं की दर्शनाबाई वाटी हुंगून म्हणायच्या, "आज पंढरीरावांशी वाजलेलं दिसतंय." आणि त्या दिवशी वाटी परत जाताना साखरेऐवजी खोबऱ्याची वडी जायची. संध्याकाळी समोरून भांडणाचा आवाज येत नसे. दोघी जिन्यात भेटल्या तर पाण्याविषयी बोलायच्या. बाकीचं सगळं वाट्यांमधून होत असे.

मग दर्शनाबाईंना छातीत गाठ झाली. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले, सगळं मागे पडलं असं वाटलं. आणि एक दिवस ठाण्याच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, हाडात गेलंय. सर मास्तर माणूस. त्यांनी विचारलं, "हाडातच का, डॉक्टर? एवढं शरीर पडलंय." डॉक्टर घाईत होते, बाहेर रांग होती. ते म्हणाले, "ते आधीच तिथे सोय करून ठेवतं. पुड्या पाठवतं." आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

पुड्या हा शब्द सरांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी वाचायला सुरुवात केली. दर्शनाबाई झोपल्या की वाचायचे, त्या उठल्या की पुस्तक उशीखाली. आणि ते सगळं कळेपर्यंत त्या गेल्याही.

पहिल्या तासाला सर पुन्हा उभे राहिले तेव्हा पेशीचा धडा चालू होता. त्यांनी खडू ठेवला. "पेन खाली ठेवा. आमच्या शेजारी एक बाई होत्या."

दर्शनाबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. ना तेव्हा, ना नंतरच्या वर्षांत. शेजारची बाई म्हणून त्यांनी वाट्यांचं सांगितलं. मग म्हणाले, आपल्या अंगातल्या पेशी हेच करतात. पेशी आपल्याच आवरणाचा एक बारीकसा बुडबुडा तोडते, त्यात आपल्या घरातलं थोडं काहीतरी भरते, चार प्रथिनं, निरोपाच्या दोन-चार चिठ्ठ्या, आणि सोडून देते बाहेर. इतका लहान, की केसाच्या जाडीत तसले सात-आठशे एका ओळीत बसतील. पुस्तकात त्याला पुटिका म्हणतात, ते कुणाच्या तरी मावशीचं नाव वाटतं. आपण पुडी म्हणू. पुडीच्या अंगावर नाव घातलेलं असतं. ते ज्या पेशीला ओळखीचं वाटतं ती पुडी आत घेते, उघडते, आणि तिचं वागणं बदलतं. शेजारणीची चटणी खारट आली की आपण वडी पाठवतो, तसं. शास्त्रज्ञांना या पुड्या पहिल्यांदा नीट दिसल्या त्या मेंढीच्या आणि उंदराच्या रक्तात. कोवळी लाल पेशी मोठी होताना त्या बाहेर टाकत होती. मोठमोठी माणसं म्हणाली, कचरा आहे; पेशी घर झाडतेय. कित्येक वर्षं कुणी उघडून पाहिलं नाही.

इथे सर थांबायचे. "आणि सगळ्याच पुड्या गोड नसतात हं. कॅन्सरची पेशीही पुड्या पाठवते. स्वतः जायच्या आधी. लांब कुठेतरी हाडात, फुप्फुसात. आपण टिटवाळ्याला खोली घेताना आधी एजंटला पाठवतो ना, तसं. तो तिथल्यांशी गोड बोलतो, जागा झाडून घेतो, पाण्याची सोय बघतो. मग सामान येतं. आणि बिचाऱ्या हाडाला वाटतं, शेजाऱ्याची वाटी आली. घ्यायला हवी."

"हं," सर म्हणायचे. "पेन उचला."

घरात दर्शनाबाईंविषयी बोलायला कुणी नव्हतं. सासरमाहेरची माणसं विषय निघाला की चहा टाकायला उठत. वर्षातून एकदा, पेशीच्या धड्याला, फरसाणाच्या दुकानाच्या वर, ती शेजारची बाई होऊन यायची आणि दहा-बारा मिनिटं थांबायची. सरांना तेवढं पुरत होतं. आणि तेवढंच हवं होतं.

घरी एक वाटी मात्र अडकून पडली होती. दर्शनाबाई हॉस्पिटलात असताना गोदूबाईंनी गव्हाची खीर पाठवली होती, ती वाटी. सरांनी ती घासून फडताळात ठेवली. रिकामी द्यायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. काय घालायचं ते ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी साखर घालून पाहिली, ती रेशनवर दिल्यासारखी दिसली. शेंगदाणे घातले तर खारीला चाललेत असं वाटलं. तुळस केव्हाच वाळली होती. सरांनी वाटी परत फडताळात ठेवली. उद्या सुचेल, म्हणाले.

मितेश एका सकाळी दहा बटाटेवडे आणि एक कल्पना घेऊन आला.

"सर, तुमचा आवाज बसला तर पोरांनी काय करायचं?"

"माझा आवाज कशाला बसेल?"

"बसू नये, सर. देव करो. पण आपण रेकॉर्ड करून ठेवू. घरी रिव्हिजनला बघतील. क्लासमध्ये तुम्हीच."

"क्लासमध्ये मीच ना?"

"सर, तुम्ही नाय तर क्लास नाय."

रेकॉर्डिंगला नील नावाचा दाढीवाला माणूस होता. मूळचा लग्नाच्या शूटिंगमधला. चार तासांचं लग्न तो चार मिनिटांत लावून द्यायचा, त्यात रुखवतसुद्धा दिसायचं. हिरव्या कापडापुढे सरांना उसना कोट चढवून उभं करून तो म्हणाला, "सर, मी कॉमर्सचा. मला कळणार नाय कुठलं इंपॉर्टंट आणि कुठलं नाय. त्या दिवशी केमिस्ट्रीच्या सरांचं एक अख्खं इक्वेशन उडवलेलं मी. सॉलिड बोलणी खाल्लेली."

सरांना त्याची दया आली. "सोपं आहे रे. मी 'पेन खाली ठेवा' म्हटलं की परीक्षेचं थांबलं. 'पेन उचला' म्हटलं की परत सुरू. मधलं परीक्षेचं नसतं."

"एकदम क्लिअर, सर."

सरांना वाटलं, बिचाऱ्याला कान देऊन कधी ऐकायचं ते विचारायचंय. म्हणून त्यांनी दर खेपेला ते दोन्ही शब्द ठसठशीत उच्चारले, नीलकडे पाहून. समोर पोरं नव्हती, बाकं नव्हती. ऐकायला एकटा नील. वाट्यांचं सांगताना नीलने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. संपल्यावर म्हणाला, "सर, माझी मावशी डिट्टो अशीच होती. तुळशीचं पान घालायची." सरांनी त्याला खाली नेऊन स्वतःच्या हाताने चहा दिला. कपात साखर विरघळेपर्यंत ढवळूनही दिली.

जूनमध्ये नवी बॅच आली तेव्हा तिन्ही खोल्यांत भिंतीएवढे पडदे लागले होते. मितेशने शब्द पाळला होता. क्लासमध्ये सरच होते. तिन्ही खोल्यांत, एकाच वेळी, कोट घालून.

"घरी रिव्हिजनला म्हणाला होतास," सर म्हणाले.

"सर, घरी रिव्हिजनला टीव्ही बघतात. इथे बघतील तर बसून बघतील."

सर एका खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसले. पेशीचा धडा चालू होता. पडद्यावरचे सर चांगलं शिकवत होते, हे मागच्या सरांना मान्य करावं लागलं. पेशीपटल आलं, दोन थर आले, आकृती आली. आता खडू ठेवेल, सरांना वाटलं. त्यांचेच हात झटकायला वर आले. पडद्यावरचे सर म्हणाले, "हा प्रश्न दोन मार्कांना येतो. पेन उचला. आता पेशीद्रव्याकडे वळू."

मधे काही नव्हतं. श्वाससुद्धा नव्हता. कोटाची एक चुणी या खांद्यावरून त्या खांद्यावर उडी मारून गेली, तेवढंच. पोरांनी मान वर केली नाही. कुणी पेन खाली ठेवलं नव्हतं, त्यामुळे कुणी उचललंही नाही.

नील खालच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसला होता. सरांना बघून खूश झाला. "सर, एवढं सोपं एडिटिंग आयुष्यात केलं नाय. 'पेन खाली ठेवा'पासून पकडलं, 'पेन उचला'पर्यंत उडवलं. तुम्ही आधीच सांगितलेलं म्हणून. बाकीचे सर कुठेही भरकटतात, पत्ताच लागत नाय."

"ते कुठे आहे?"

"काय, सर?"

"उडवलेलं."

"डिलीट. जागा संपलेली सगळी. एवढा कचरा कुठे ठेवणार?" मग त्याने सरांचा चेहरा पाहिला. "कचरा म्हणजे तसं नाय, सर. मला आवडलेलं ते. वाटीचं."

सर वर मितेशकडे गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायची सवय नव्हती. "मितेश, एकच तास दे. वर्षातून एक. पेशीचा धडा संपला की पडदा बंद करायचा आणि मी समोर उभा राहणार. जास्त नको."

"सर, ते तुमचं बेस्ट होतं," मितेश म्हणाला. "मला अजून आठवतं. वटवाघूळ. ती बाळाला पंखात झेलते. आईशपथ, माझी मुलगी झाली ना, तेव्हा डॉक्टरने हातात दिली आणि मला ती वटवाघूळ आठवली."

"आणि परीक्षेतलं काय आठवतं?"

"काय पण नाय." मितेश मोकळेपणाने हसला. "म्हणून तर काठावर पास झालो ना, सर. पालक मला विचारतात, पोर्शन कधी संपणार. वटवाघूळ कधी, असं कोणी नाय विचारत. बघू ना. दिवाळीनंतर."

दिवाळीपर्यंत सरांना एक केबिन मिळाली. दारावर पाटी लागली : 'डाउट्स – रेवाळे सर'. टेबल, दोन खुर्च्या, कुंडीत प्लास्टिकचं झाड. पडद्यावरच्या सरांचं काही कळलं नाही तर पोरांनी येऊन हाडामांसाच्या सरांना विचारायचं, अशी योजना. कोणी आलं नाही. एक दिवस एक मुलगा डोकावला, सर उठून उभे राहिले, त्याला पाण्याचा कूलर कुठे आहे ते हवं होतं.

"तुमचं लेक्चरच इतकं क्लिअर आहे, सर," मितेश कौतुकाने म्हणाला, "डाउट यायला जागाच नाय."

सर केबिनमध्ये बसून स्वतःला ऐकत राहिले. तीन भिंतींपलीकडून तीन रेवाळे बोलत असायचे, एखाद्या शब्दाने मागेपुढे, जशी आरतीत मागची माणसं रेंगाळतात. चौथ्याने बोलायची गरज नव्हती. दर थोड्या वेळाने तिघे एकामागून एक म्हणायचे, पेन उचला, पेन उचला, पेन उचला. सरांचा हात खिशाकडे जायचा.

दिवाळी गेली. मितेश म्हणाला, आता टेस्ट सीरिज आहे, सर. संक्रांत गेली. मितेशने केबिनमध्ये तिळगूळ आणून दिला.

आणि मग एका दुपारी खरोखरच दार वाजलं. एक मुलगी होती, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग.

"सर, येऊ? मी अक्षदा. टिटवाळ्याहून येते. डाउट आहे."

"ये, ये. बस. पंखा लावू का? इकडे बस, तिथे ऊन येतं." सरांनी तिच्यासाठी स्वतःची खुर्ची पुढे केली आणि प्लास्टिकचं झाड उगाच बाजूला सरकवलं.

"सर, बायोलॉजीतला आहे की नाय माहीत नाय. हसू नका हां. तुम्ही ना, मधेच 'पेन उचला' म्हणता. दर लेक्चरला. मी परत परत बघितलेलं, हेडफोन लावून. पण 'पेन खाली ठेवा' असं तुम्ही कधीच म्हणत नाय. आम्ही खाली ठेवलंच नाय, तर उचलायचं काय?"

इतकी वर्षं शिकवलं, इतका चांगला डाउट आला नव्हता. नीलने 'पेन उचला'पर्यंत उडवलं होतं. त्या दोन शब्दांच्या अलीकडेच त्याची कात्री थांबली होती. ते दोन शब्द दर तासाला तसेच राहिले होते, ओट्यावर विसरलेल्या झाकणासारखे. आणि दोनशे पोरांत या एकीला झाकण दिसलं होतं. तिने विचारलं होतं, भांडं कुठाय.

"पेन खाली ठेव," सर म्हणाले.

"पेन बॅगेत आहे, सर."

"चालेल, चालेल. आमच्या शेजारी एक बाई होत्या."

सरांचा आवाज सुरुवातीला जरा घसरला, मग लागला. अक्षदा टेबलावर कोपरं टेकून ऐकू लागली. वाटीवर नाव घातलेलं असायचं म्हटल्यावर ती हसली. "आमच्याकडे पण आहे. आजोबांचं नाव, त्यांचं हॉटेल होतं तेव्हाचं. पाण्याच्या पिंपावरसुद्धा आहे."

"बघ. म्हणजे वाटी हरवली तरी घर हरवत नाही. तर त्या बाईंचा नेम होता, रिकामी वाटी..."

तिचा फोन थरथरला. तिने पाहिलं आणि बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढला. "सॉरी सर, माझी टिटवाळा लोकल आहे. ही गेली की मग बसावं लागतं. सर, हे परीक्षेला आहे का?"

"नाही."

"मग ती एडिटिंगची मिस्टेक आहे ना? मी अ‍ॅपवर पण टाकलेलं, क्लासचा रिप्लाय नाय आला म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

"मिस्टेक नाही ती. उद्या ये. उरलेलं सांगतो."

"हो, सर. थँक्यू, सर." जिन्यावर तिची पावलं धडधडत गेली.

त्या संध्याकाळी सर रस्त्यावरच्या त्या फोटोखालून मान वर करून गेले. वाण्याकडे थांबून पावशेर खोबरं घेतलं. घरी आल्यावर फडताळातली वाटी काढून ओट्यावर ठेवली. वडी कशी करतात ते त्यांना येत नव्हतं, पण उद्या अक्षदाला सांगून झालं की गोदूबाईंनाच विचारायचं ठरवलं. त्यांनी खोबरं किसायला घेतलं, बोट किसलं, पट्टी लावली, पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये अक्षदाच्या आधी मितेश आला. हातात मोबाइल.

"सर, आधी सॉरी. नीलने गडबड केलेली. तुमच्यासारख्या माणसाच्या व्हिडिओत असली चूक म्हणजे लाज आहे आपल्याला. एका पोरीने पकडली, टिटवाळ्याची आहे, हुशार आहे. सगळे व्हिडिओ साफ करून घेतले. 'पेन उचला' पण काढलं. आता एकदम परफेक्ट, कुठे जोडच दिसत नाय. बघा." त्याने मोबाइल पुढे केला. अ‍ॅपवर अक्षदाच्या प्रश्नाखाली हिरवी खूण होती आणि लिहिलेलं होतं : डाउट सॉल्व्ड.

सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि दिवाळीनंतरचं ते माझं लेक्चर, मितेश?"

"कुठलं, सर?" मितेशने विचारलं. तो वेड पांघरत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"काही नाही," सर म्हणाले.

दुपारी सुटल्यावर अक्षदा केबिनवरून गेली. थांबली नाही, पण काचेतून अंगठा वर करून हसली. तिच्या तोंडाच्या हालचालीवरून सरांना कळलं, ती म्हणत होती, सॉल्व्ह झाला, सर. सरांनीही अंगठा वर केला. पट्टीचं बोट होतं ते.

तीन भिंतींपलीकडून तीन रेवाळे शिकवत होते. सर बराच वेळ कान देऊन बसले. आता कुणीच पेन उचलायला सांगत नव्हतं.

घरी खोबरं तसंच ताटलीत होतं, वरून पिवळट पडलेलं. सरांनी ते टाकून दिलं. वाटी पुन्हा एकदा विसळली, पुसली, आणि समोरच्या दाराची बेल दाबली.

गोदूबाईंनी दार उघडलं. आतून पंढरीरावांच्या बातम्यांचा आवाज येत होता. "या की, सर. किती दिवसांनी."

"ही तुमची वाटी राहिली होती."

गोदूबाईंनी वाटी घेतली. घेताना त्यांची बोटं सवयीने आत गेली, आणि तिथेच थांबली. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही.

"रिकामीच आणलीय," सर म्हणाले.

"असू द्या. पुरुषमाणसाला काय ठाऊक असतं." त्यांनी वाटी उजेडाकडे तिरकी केली, पदराने कड पुसली आणि नावावरून अंगठा फिरवला. "आमचीच हाय. मी म्हटलं गेली कुठंतरी. नवी आणली मी, सहाचा संच पुरा करायला. आता सात झाल्या."

"हो का."

"चहा टाकते."

"नको. पुन्हा येईन."

दार लागलं. आत मांडणीवर एका वाटीवर दुसरी ठेवल्याचा आवाज आला. सर पॅसेजमध्ये उभे राहिले. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर अभ्यासाला बसलं होतं, दार उघडंच होतं. जिन्यावरून मोबाइलमधल्या सरांचा आवाज खाली येत होता, वाक्याला वाक्य लागून, कुठेही न थांबता.